पहिला आकडा टाकून द्या

गिरिजा आवटीनं प्राणदा यंत्राच्या कोडमधल्या चार हजार एकशे बारा ओळी स्वतःच्या हातानं पुसल्या, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. खोलीत बारा माणसं होती. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एक-दोघांनी सुस्कारा सोडला इतकंच. गिरिजाला मात्र सात वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

पुसलेल्या ओळींपैकी एकही यंत्र चालवत नव्हती. त्या सगळ्या कॉमेंट होत्या, म्हणजे कोड लिहिणाऱ्यानं पुढच्या वाचणाऱ्यासाठी शेजारी लिहून ठेवलेल्या टिपा. चिप त्या वाचत नाही, चिपच्या लेखी त्या नसतातच. वाचतो तो माणूस, आणि घात तिथंच होतो असं गिरिजाचं म्हणणं होतं.

प्राणदा हे मिरजेत बनणारं काडेपेटीएवढं यंत्र. मानेचा मणका मोडला की मेंदूकडून छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाला जाणारा निरोप वाटेतच थांबतो. छातीच्या कातडीखाली बसवलेलं प्राणदा तो निरोप स्वतः देतं. मज्जातंतूला विजेचे बारीक झटके बसतात, पटल खाली जातं, हवा आत येते. दर चार सेकंदांनी एकदा, वर्षानुवर्षं. खरी करामत मानेत बसवलेल्या सेन्सरची. बोलायच्या आधी माणूस मानेचे स्नायू किंचित ताणतो. गिळताना कंठ वर-खाली होतो. प्रत्येक श्वास देण्याआधी यंत्र मानेची चाहूल घेतं. माणसाला बोलायचं असलं तर खोल श्वास द्यायचा, तो गिळत असला तर थांबायचं, नाहीतर साधा श्वास.

बॅटरी बारा वर्षं पुरायला हवी म्हणून हा सगळा कोड अगदी खालच्या पातळीवर, चिपच्या बोलीत लिहिलेला होता. त्या बोलीत 'श्वास दे' अशी आज्ञा नसते. अमुक खणातला आकडा उचल, तमुक खणात ठेव, शून्य असेल तर चार ओळी मागे जा, एवढंच असतं. अशा अकरा हजार ओळी. त्यांतून काय चाललंय हे नुसतं वाचून कळणं कठीण, म्हणून पहिल्या पिढीनं शेजारी कॉमेंट लिहिल्या होत्या. बहुतेक दिनकर मगदूम यांच्या हातच्या.

गिरिजाला हे काम मगदूम सरांनीच शिकवलं होतं. आणि सात वर्षांपूर्वी त्यांच्याच एका कॉमेंटनं तिला फसवलं होतं. तिला दोन झटक्यांमधलं अंतर चाळीस मिलिसेकंद ठेवायचं होतं. शेजारी लिहिलेलं होतं, 'इथला एक म्हणजे एक मिलिसेकंद.' तिनं चाळीस लिहिलं. पण मधल्या काळात सरांनी चिपच्या घड्याळाचा वेग दुप्पट केला होता, आणि एकाचा अर्धा झाला होता. कोड बदलला, कॉमेंट तशीच राहिली. झटके दुप्पट भराभर पडू लागले. अर्ध्या तासाच्या चाचणीत स्नायू थकत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. विट्याच्या शकुंतला देवमाने या निवृत्त शिक्षिकेचं श्वासपटल आठवड्याभरात थकलं. अकरा दिवस इस्पितळात काढून त्या गेल्या.

चौकशीत गिरिजाला विचारलं गेलं, तुम्ही कोड वाचला होता की कॉमेंट? कॉमेंट, असं तिनं सांगितलं. कोणाची? तिनं नाव घेतलं. खरं तेच सांगितलं होतं. सरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. जाताना ते तिच्या टेबलापाशी घुटमळले होते, पण तिला स्क्रीनवरून मान वर करता आली नाही. त्यानंतर दोघं बोलली नव्हती.

मग तिनं पाच वर्षं खपून गाळणी तयार केली. गाळणी कॉमेंटकडे बघत नाही. चिप आणि सेन्सर यांच्या छापील माहितीपत्रकांवरून ती त्यांची गणिती प्रतिकृती उभी करते, आणि कोडची एकेक ओळ त्या प्रतिकृतीवर घासून पाहते. ही ओळ नसली तर यंत्राच्या वागण्यात फरक पडेल का? पडणार नाही असं गणितानं सिद्ध झालं, तर ओळ जाते. उरलेल्या कोडबद्दल काहीही विचारा, गाळणी त्या क्षणी कोड वाचून साध्या मराठीत समजावून देते. शिळं स्पष्टीकरण राहण्याचा प्रश्नच नाही. यंत्रांना मान्यता देणाऱ्या मंडळाला ही कल्पना इतकी पटली की गिरिजाच्या अहवालावरून नियमच निघाला: एका कोडचं एकच स्पष्टीकरण, गाळणीचं. माणसांनी लिहिलेल्या कॉमेंट नोंदीत राहता कामा नयेत, जुन्या प्रतींतसुद्धा नाहीत.

म्हणून त्या सकाळी ते पुसणं. संध्याकाळपर्यंत कॉमेंट असलेल्या जुन्या प्रतीही नष्ट झाल्या.

*

गाळलेला, बावीस टक्क्यांनी हलका झालेला कोड पाच महिन्यांनी सगळ्या प्राणदाधारकांच्या यंत्रांत पोचला. तीन हजारांच्या वर माणसं. त्यांतला एक गिरिजाचा थोरला भाऊ बसवराज.

बसवराज बाविसाव्या वर्षी कुस्तीत मानेवर पडला होता. तेव्हापासून मानेखालचं शरीर त्याचं ऐकत नव्हतं. आधीची वर्षं तो खोलीएवढ्या मोठ्या श्वासयंत्राला जखडून होता. दहा वर्षांपूर्वी प्राणदाच्या पहिल्या लॉटमधलं यंत्र त्याला बसलं आणि तो घराबाहेर पडला. बाहेर पडला तो थेट कुस्तीच्या मैदानात, निवेदक म्हणून. चाकाच्या खुर्चीत बसून, ओठांसमोर माइक बांधून तो कुस्ती सांगायचा. एका श्वासात जेवढं बसेल तेवढं बोलायचं, मग थांबायचं, मग पुढचं. लोकांना त्या थांबण्याचीच गोडी लागली होती. पुढचा श्वास येईपर्यंत हजारोंचं मैदान गप्प राहायचं.

नवा कोड आल्यावर आठवड्याभरानं तो जेवताना गिरिजाला म्हणाला, "गिरजे, तुझं यंत्र माझ्या मागनं चालतंय."

तिनं विचारलं, म्हणजे काय. त्यालाही नीट सांगता येईना. बोलायला तोंड उघडलं की श्वास बारका येतो, आणि गप बसावं तर मोठा, असं काहीसं तो म्हणाला. गिरिजानं दुसऱ्या दिवशी कंपनीतलं एक यंत्र नव्या कोडनिशी चाचणीला लावलं. नोंदवलेली मानेची हालचाल अर्धा तास त्याला दिली. सगळे श्वास जिथल्या तिथं पडले. गाळणीचं प्रमाणपत्र तर होतंच. नव्या कोडची सवय व्हायला वेळ लागेल, असं तिनं घरी येऊन सांगितलं. बसवराज वाद घालणारा माणूस नव्हता.

पण तिला चैन पडेना. काम करताना ती मधेच उठायची, खिडकीपाशी जायची, पुन्हा बसायची. भाऊ बोलू लागला की तिचं लक्ष शब्दांकडे नसायचं, त्याच्या छातीकडे असायचं. छाती किती वर जाते ते ती मनातल्या मनात मोजत राहायची, आणि मोजलेलं लिहून ठेवायला जावं तर आकडे विसरलेले असायचे.

भिलवडीच्या मैदानाला ती मुद्दाम त्याच्याबरोबर गेली. दुपारी चारची वेळ, मैदान गच्च भरलेलं. शेवटच्या मोठ्या कुस्तीत एका पैलवानानं समोरच्याचा पाय ओढून पट काढला आणि बसवराजनं माइकमध्ये सुरुवात केली. अर्ध्या वाक्यात हवा संपली. तो थांबला. पुढचा श्वास मोठा आला, पण तोवर वाक्य हातचं निसटलं होतं. पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्ध्यात कोरडा. तिसऱ्या खेपेला त्यानं ओठ मिटून घेतले. शेजारच्या निवेदकानं माइक आपल्याकडे ओढला आणि कुस्ती पुढं सांगू लागला. बसवराज समोर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आई त्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. दुसराच घास. घास गिळत असतानाच यंत्रानं श्वास ओढला. बसवराजचे डोळे विस्फारले. त्याला खोकता येत नव्हतं, खोकायला लागणारं पोट त्याच्या ताब्यात नव्हतं. गिरिजानं घशात नळी घालून शोषक यंत्र लावलं. आईनं नळी धरली. ओठांचा निळेपणा जायला दोन मिनिटं लागली.

फुप्फुसात अन्नाचे कण गेले होते. इस्पितळात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टर बाई फाइल चाळता चाळता म्हणाल्या की या महिन्यात प्राणदावाले असेच आणखी तिघं आले होते. एक आजी अजून अतिदक्षता विभागात आहेत.

गिरिजा इस्पितळातून घरी न जाता कंपनीत गेली.

*

मानेचा सेन्सर वाचणाऱ्या भागातून नव्या कोडमध्ये काय काय गेलं, असं तिनं गाळणीला विचारलं. गाळणीनं लगेच दाखवलं. बॅटरी वाचावी म्हणून दोन श्वासांमध्ये सेन्सर झोपवलेला असे; जुना कोड प्रत्येक श्वासाआधी त्याला झोपेतून उठवायचा आणि त्याचा आकडा दोनदा वाचायचा. पहिल्या वाचनाचा आकडा तसाच टाकून द्यायचा, दुसरा वापरायचा. पहिल्याचा उपयोग कुठंच होत नव्हता. माहितीपत्रकानुसार सेन्सर उठल्याबरोबर ताजा आकडा देतो. तेव्हा पहिलं वाचन अनावश्यक होतं, काढलं.

गिरिजानं विचारलं, ते लिहिलं कशासाठी होतं?

गाळणीचं उत्तर आलं: कारणाची माहिती उपलब्ध नाही. बहुधा नजरचुकीनं ओळ दोनदा लिहिली गेली असावी.

ते उत्तर वाचताना गिरिजाला काहीतरी आठवलं. त्या ओळीशेजारी कॉमेंट होती. दोन ओळींची, शेवटी 'दि. म.' अशी अक्षरं. तिचा आकारसुद्धा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, वरची ओळ लांब, खालची आखूड. शब्द मात्र एकही आठवेना. सात वर्षं तिनं डोळ्यांना कॉमेंट ओलांडून जायची सवय लावली होती आणि डोळ्यांनी इमानानं ती पाळली होती. जुन्या प्रती शोधाव्यात तर त्या नष्ट केल्याच्या कागदावर तिचीच सही होती.

मगदूम सरांचं दुकान मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत आहे हे तिला ठाऊक होतं. राजीनाम्यानंतर ते हार्मोनियम आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरे दुरुस्त करायला बसले होते. ती गेली तेव्हा त्यांच्या पुढ्यात पोट उघडलेली पेटी होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बस म्हणून खूण केली, आणि हातातला स्क्रू पिळून पुरा केला. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भाऊ, भिलवडी, घास, आजी. शेवटी म्हणाली, "सर, तिथं तुम्ही काय लिहिलं होतं?"

सरांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "आठवत नाही."

गिरिजाला वाटलं, चौकशीतल्या त्या दिवसाची ते परतफेड करताहेत. तिनं पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघू लागला.

"अगं, अकरा वर्षं झाली त्याला," सर शांतपणे म्हणाले. "आठवणार असतं तर लिहिलं कशाला असतं?"

ती स्टुलावर बसली. सरांनी पेटी बाजूला सारली. एवढं मात्र मी खात्रीनं सांगतो, ते म्हणाले, की बॅटरी वाचवण्यासाठी एकेका ओळीसाठी मी स्वतःशी भांडायचो; विनाकारण दोनदा वाचणारा माणूस मी नव्हतो. काहीतरी दिसलं असणार. काय दिसलं ते पुन्हा बघावं लागेल. पहिल्या लॉटचं यंत्र आहे का कुठं शिल्लक?

कंपनीच्या कपाटात एक होतं. गिरिजा तासाभरात ते घेऊन आली. चाचणीला लावतात ते यंत्र नव्या लॉटचं असतं हे जाताना रस्त्यात तिच्या लक्षात आलं होतं, आणि त्यानंतर तिला गाडी हळू चालवणं जमलं नव्हतं.

मानेच्या जागी काय वापरायचं हा प्रश्न सरांनी चुटकीसरशी सोडवला. पेटीचा भाता. त्याच्या कातड्याच्या घडीवर त्यांनी सेन्सर चिकटवला, एक सूर दाबून धरला आणि भाता हलवू लागले. भाता हलला की सूर वाजायचा, थांबला की बंद. यंत्राला गिरिजानं नवा कोड घातला आणि एक लाल दिवा जोडला. यंत्राला हालचाल जाणवली की दिवा लागणार.

सर एका लयीत भाता हलवत होते तोवर सूर आणि दिवा बरोबर चालले. कंपनीतल्या चाचणीत नोंदवलेली मानही अशीच एकसारखी हलत होती; तिथं पहिल्या लॉटचं यंत्र लावलं असतं तरी दोष दिसला नसता. मग सर थांबले, दोनदा जोरात भाता ओढला, पुन्हा थांबले. सूर वाजला, दिवा विझलेला. सूर थांबला, दिवा लागला. त्यांनी हवं तसं वेडंवाकडं वाजवलं. प्रत्येक वेळी दिवा एक पाऊल मागे.

"आधीच्या श्वासाचा आकडा देतोय," गिरिजा म्हणाली.

पहिल्या लॉटच्या सेन्सरला जाग येताना झोपेआधीचा जुना आकडाच दारात उभा असायचा. तो एकदा वाचून टाकून दिला की मागून ताजा यायचा. माहितीपत्रक छापणाऱ्यांना हे माहीत नव्हतं, किंवा पुढच्या लॉटमध्ये दुरुस्त केलं म्हणून त्यांनी छापलं नाही. गाळणीनं सिद्ध केलं ते पुस्तकातल्या सेन्सरबद्दल. बसवराजच्या मानेत पुस्तकातला सेन्सर नव्हता. तो गिळायला लागला की यंत्र एक श्वास आधी तो काय करत होता ते बघायचं, आणि हवा ओढायचं.

सरांचा हात अजून भात्यावर होता. त्यांनी विचारलं, पहिल्या लॉटची माणसं किती? चारशे बारा, गिरिजा म्हणाली.

ती उठली, दाराशी गेली आणि परत फिरली. शकुंतलाबाईंच्या वेळी कोड मी वाचायला हवा होता, असं ती म्हणाली. सरांनी मान हलवली. "तू वाचायला हवा होतास. आणि ती कॉमेंट बदलायला मला दहा सेकंद लागले असते. त्या दहा सेकंदांचा विचार मी रोज करतो. जा आता, लोक जेवायला बसतील."

*

कंपनीच्या प्रमुख तस्नीम नदाफ यांनी तिचं म्हणणं उभ्यानं ऐकलं आणि बसायच्या आत हुकूम दिला. चारशे बारा यंत्रांत गाळण्याआधीचा, नुसत्या कॉमेंट पुसलेला जुना कोड परत. तोवर त्या माणसांनी तोंडानं काही खाऊ-पिऊ नये, असे फोन ताबडतोब. सात जणी फोनला बसल्या. गिरिजाही बसली. प्रत्येक फोन उचलला जाईपर्यंत ती टेबलावर बोटं आपटत होती. जतच्या एका घरी फोन कोणी उचलेचना. नवव्या खेपेला एका बाईनं उचलला आणि सांगितलं की सासऱ्यांना आत्ताच चहा पाजलाय. गिरिजानं त्यांना फोन तसाच धरून सासऱ्यांचा श्वास ऐकवायला लावला. साडेसहापर्यंत शेवटचं यंत्र जुन्या कोडवर आलं.

पण जुना कोड हा काही कायमचा उपाय नव्हता. पुढच्या आवृत्तीत दोनदा वाचणारी ओळ परत घातली, तर गाळणी ती पुन्हा अनावश्यक ठरवून काढणार. सेन्सरची खोड गाळणीच्या प्रतिकृतीत घालावी, तर प्रतिकृती छापील माहितीपत्रकावरूनच बनवायची असा नियम, आणि ते पत्रक छापणारी सेन्सरची मूळ कंपनी केव्हाच बंद पडलेली. तस्नीमबाईंनी एक तोड सुचवली. पहिला आकडा टाकून न देता तो शून्यानं गुणायचा आणि दुसऱ्यात मिळवायचा, अशा गुंतागुंतीनं की गाळणीला वाटेल तो वापरला जातोय. उत्तर तेच राहील. ओळ टिकेल, मंडळाकडे जायला नको. त्या वाईट बाई नव्हत्या. मंडळाकडे गेलं तर परवाना थांबेल आणि नवी यंत्रं बसण्याची वाट पाहणारी माणसं खोळंबतील, हा त्यांचा घोर खरा होता.

गिरिजाला ती तोड दहा मिनिटांत लिहिता आली असती. तिनं मनात लिहूनही पाहिली. मग तिला त्या कोडसमोर बसलेलं पुढचं कोणीतरी दिसलं. हुशार, घाईत असलेलं. शून्यानं गुणून काय मिळवलं, असं म्हणून ती ओळ काढून टाकणारं. पाच महिन्यांपूर्वी तीही तेच म्हणाली असती.

"कॉमेंट लिहावी लागेल," ती म्हणाली.

"नियम तुझाच आहे, गिरिजा."

"म्हणून मीच जाते मंडळापुढं."

कॉमेंट लिहायला ती दुकानात गेली. दोन दुपारी त्यात गेल्या. दोघांचं एकमत होईना. सरांना दोनच ओळी हव्या होत्या. एवढं मोठं कोणी वाचत नाही असं त्यांचं म्हणणं. गिरिजाला काहीच सोडायचं नव्हतं. तिनं 'गंभीर धोका' लिहिलं, सरांनी खोडलं. गंभीर नसतं तर लिहिलं असतं का, म्हणाले. 'कृपया'ही त्यांनी खोडलं. शेवटी दोघांची नावं लिहायला ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातातला पेन धरला. नाव असलं की लोक कॉमेंट वाचत नाहीत, माणसाला विचारायला जातात. आणि माणसाचं काय होतं ते तू पाहिलंसच.

उरलं ते असं होतं:

'पहिल्या लॉटचा सेन्सर झोपेतून उठल्यावर आधीच्या श्वासाचा आकडा देतो. माहितीपत्रकात हे नाही. म्हणून दोनदा वाचा, पहिला आकडा टाकून द्या. नाहीतर गिळताना श्वास ओढला जातो. खात्रीसाठी पहिल्या लॉटच्या यंत्रावर चाचणी २१७ चालवा. पहिल्या लॉटचं यंत्र एकाही माणसात उरलं नसेल, तर ही ओळ आणि ही टीप दोन्ही काढा.'

चाचणी २१७ म्हणजे भात्याचा तो वेडावाकडा सूर. गिरिजानं त्याची हालचाल नोंदवून चाचण्यांत घातली होती.

मंडळापुढची सुनावणी दीड तास चालली. अध्यक्षांनी तिचा जुना अहवाल तिलाच वाचून दाखवला: कॉमेंट हा गोंगाट आहे, कोड कधी खोटं बोलत नाही. आता त्याबद्दल काय म्हणणं आहे, असं विचारलं.

"एक बाई गेल्या, कारण कॉमेंट होती आणि चुकीची होती," ती म्हणाली. "चार माणसं मरणाच्या दारात गेली, कारण कॉमेंट बरोबर होती आणि पुसलेली होती. दोन्ही वेळा कोडसमोर मीच बसले होते. यंत्र काय करतं ते कोड सांगतो. ते तसं का करतं हे कोडला माहीत नसतं. ते माणसानंच लिहावं लागतं, आणि लिहिलं की ते खरं ठेवण्याची जबाबदारीही माणसालाच घ्यावी लागते. यातली दुसरी गोष्ट जड जाते म्हणून मी पहिली बंद करून टाकली होती."

परवाना चार महिने थांबला. त्या चार महिन्यांत वाट पाहणाऱ्यांतली दोन माणसं गेली; त्यांची नावं तस्नीमबाईंनी गिरिजाला सांगितली, रागानं नव्हे, पण सांगितली. नंतर नियम बदलला. ज्याचं कारण चिपच्या पुस्तकाबाहेर आहे अशा ओळीशेजारी कॉमेंट लिहिता येईल. मात्र तिच्याबरोबर ती पडताळणारी चाचणी हवी, आणि ती कधी पुसायची हे तिच्यातच लिहिलेलं हवं. अतिदक्षता विभागातल्या आजी घरी गेल्या. गिरिजाची बदली दुसऱ्या विभागात झाली, तिच्याच विनंतीवरून.

त्यानंतर तीन वर्षं पहिल्या लॉटची यंत्रं एकेक करून बदलली जात होती. बॅटऱ्यांची बारा वर्षं भरत आली होती. बसवराजचं यंत्र दुसऱ्या वर्षी बदललं.

एका मंगळवारी दुपारी काही दुसरंच शोधताना गिरिजाला प्राणदाच्या बदलांची यादी दिसली. आदल्या आठवड्यातली नोंद होती. सेन्सर वाचणाऱ्या भागातून एक ओळ आणि तिच्याशेजारची कॉमेंट काढली.

तिनं नोंद उघडली. पहिल्या लॉटचं शेवटचं यंत्र चौदा तारखेला काढलं, याचा इस्पितळाचा दाखला जोडलेला होता. चाचणी २१७ नव्या लॉटच्या यंत्रावर ओळ काढण्याआधी आणि काढल्यावर अशी दोनदा चालवली होती, दोन्हीचे निकाल खाली होते. गिरिजानं ते तीनदा वाचले. तरी राहवेना म्हणून तिनं स्वतः तसल्याच यंत्रावर २१७ चालवून पाहिली. दिवा सुराबरोबर चालला, एकदाही मागे पडला नाही. मग ती खुर्चीत मागं टेकली आणि लगेच उठली, आणि दुकानात फोन लावला.

मगदूम सरांना आताशा कमी ऐकू यायचं. तिला दोनदा सांगावं लागलं.

"कोणी काढली?" त्यांनी विचारलं.

"ओजस्वी तिरमारे म्हणून कोणी आहे. मी ओळखत नाही तिला."

"तुला विचारायला आली होती?"

"नाही."

पलीकडे कोणीतरी पेटीचा एक सूर धरून बघत होतं. तो थांबला.

"मग बरोबर लिहिलं होतं आपण," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.